सुवार्ता सांगण्याचा आनंद आणि त्याची रीत

आपल्या मंडळ्यांतील बहुतेक विश्वासी माणसे देवाविषयी चर्चमध्ये बोलतात, घरच्या प्रार्थनेत बोलतात, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडले की गप्प होतात. शेजारी, ऑफिसमधले सहकारी, कॉलेजपासूनचे मित्र यांना आपण ख्रिस्ती आहोत एवढे ठाऊक असते. पण ख्रिस्ताने आपल्यासाठी काय केले, हे त्यांनी आपल्या तोंडून कधी ऐकलेले नसते. कारण विचारले तर तीन उत्तरे हमखास मिळतात: लोक गैरसमज करून घेतील, मला तेवढे शास्त्र येत नाही, आणि आपल्यामुळे कोणी दुखावले गेले तर?

या तिन्ही भीती खऱ्या आहेत, त्यांना कोणी हसू नये. पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: साक्ष देणे म्हणजे समोरच्याला ख्रिस्ती करणे. ती मनात धरून बोलायला गेलेला माणूस एक तर घाबरतो किंवा आक्रमक होतो. मन बदलणे हे देवाचे काम आहे, आपले काम प्रेमाने आणि खरेपणाने सांगण्याचे. एवढे एकदा पटले की ओझे उतरते, आणि सांगण्यातला आनंद आपल्याला पहिल्यांदा कळतो. तो आनंद कुठून येतो आणि रोजच्या व्यवहारात साक्ष कशी द्यावी, याविषयी हा लेख आहे.

हा आनंद कुठून येतो

नव्या करारात सुवार्तेचा विषय निघतो तिथे आनंदाचाही निघतो. लूकच्या दहाव्या अध्यायात येशूने पाठवलेले सत्तर शिष्य आनंदाने परत येतात आणि आपल्या हातून काय काय घडले ते सांगू लागतात. प्रभू त्यांचा हिरमोड करत नाही, पण त्यांचा आनंद अधिक पक्क्या जागी नेऊन ठेवतो. तुमच्या हातून काय घडले यापेक्षा तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत, याचा आनंद माना, असे तो त्यांना सांगतो. यशापयशावर टांगलेला आनंद टिकत नाही, हे त्याला माहीत होते.

लूकच्याच पंधराव्या अध्यायात हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला पुत्र सापडतो. तिन्ही दाखल्यांत सापडल्याचा आनंद इतरांना सोबत घेऊन साजरा होतो. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या आरंभी म्हणतो की, आपला आनंद पूर्ण व्हावा म्हणून तो हे लिहीत आहे. जे पाहिले आणि ऐकले ते सांगितल्याशिवाय त्याचा आनंद अपुरा होता. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो की प्रभूच्या आगमनाच्या वेळी तुम्हीच आमचा मुकुट आणि आमचा आनंद असाल. छळ सोसलेल्या या प्रेषिताला बक्षीस म्हणून माणसे हवी होती.

या आनंदाची आणखी एक बाजू अनुभवाने कळते. आपला विश्वास दुसऱ्याला समजेल असा सांगायला बसले की तो आपल्यालाच नव्याने समजतो. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेली क्षमेची गोष्ट, तिचे नावही न ऐकलेल्या माणसाला सांगताना आपण स्वतः थांबतो. देवाने खरोखर एवढे केले? आपल्यासाठी? पाठ झालेले वचन त्या क्षणी पुन्हा जिवंत होते. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्याशा पत्रात पौल हेच सुचवतो: विश्वासात दुसऱ्याला सहभागी करून घेताना, ख्रिस्तात आपल्याला मिळालेल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीची ओळख वाढत जाते. हे पहिले बक्षीस आहे, आणि समोरचा माणूस काहीही म्हणो, ते सांगणाऱ्याच्या पदरी पडतेच.

रेल्वेतला एक अनोळखी प्रवासी

महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाने ही गोष्ट विसरू नये. 1890च्या दशकाच्या सुरुवातीला कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी आधी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, टिळकांचे मनापासून ऐकले, आणि मग ख्रिस्ताविषयी विचारले. उतरताना त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेही ते बोलून गेले. टिळकांना ते बोलणे त्या वेळी विचित्रच वाटले. दोघे पुन्हा भेटले नाहीत आणि त्या गृहस्थांचे नाव टिळकांना कधी कळले नाही.

टिळकांनी शब्द दिला होता म्हणून पुस्तक उघडले. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तिथेच अडकले. पुढे मनात प्रश्नांचे काहूर, पत्रव्यवहार, एकांतातली ओढाताण, असे बरेच घडले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज मराठी उपासनेत आपण त्यांची गीते गातो, त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे नाव आदराने घेतो. त्या प्रवाशाला यातले काही कळल्याचे कुठे दिसत नाही.

या एका प्रवासात साक्षीची सगळी रीत आहे. त्या माणसाने टिळकांना आवडणाऱ्या विषयापासून बोलणे सुरू केले आणि त्यांच्या विद्वत्तेचा मान ठेवला. वाद जिंकण्याच्या भरीस ते पडले नाहीत. पुस्तक हाती दिले आणि पुढचे देवावर सोपवून आपल्या वाटेने गेले. पौल करिंथकरांना लिहितो त्याप्रमाणे एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ देवाने दिली. त्या प्रवाशाच्या वाट्याला फक्त लावणे आले. आपल्याही वाट्याला अनेकदा तेवढेच येते, आणि तेवढे पुरेसे असते.

बोलण्याआधी ऐका

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप कूश देशाच्या राणीच्या खजिनदाराला गाठतो. तो रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत आहे. फिलिपाचे पहिले वाक्य एक प्रश्न आहे: वाचताय ते समजते आहे का? खजिनदार त्याला वर बसायला बोलावतो, मगच फिलिप बसतो. आणि ज्या वचनापाशी त्या माणसाची शंका होती, तिथूनच तो येशूविषयी सांगायला लागतो. त्याने आपले पाठ केलेले भाषण सुरू केले नाही.

आपण याच्या उलट करतो. शेजारीण मुलाच्या परीक्षेच्या काळजीत असते आणि आपण तिला आदामापासून सुरुवात करून सांगतो. सहकाऱ्याचे वडील नुकतेच गेलेले असतात आणि आपण त्याला न्यायाच्या दिवसाविषयी ऐकवतो. माणूस कोणत्या प्रश्नापाशी उभा आहे हे आधी जाणून घ्या. त्यासाठी विचारा आणि मग खरोखर गप्प राहून ऐका. मधेच तोडू नका, आपल्या आयुष्यातला तसाच प्रसंग लगेच पुढे करू नका. ऐकताना मनातल्या मनात त्या माणसासाठी प्रार्थना करा. कित्येकदा पहिल्या भेटीत एवढेच करायचे असते. आपले कोणी मनापासून ऐकून घेतले, हे माणूस विसरत नाही. पुढे कधी त्याला बोलावेसे वाटले तर तो तुमच्याकडेच येईल.

आपली साक्ष तयार ठेवा

पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की, आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला सदा तयार असा, आणि ते उत्तर सौम्यतेने व आदराने द्या. तयार असणे म्हणजे शास्त्रात पंडित होणे नव्हे. योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या शोमरोनी स्त्रीला येशू भेटून जेमतेम एक दुपार झाली होती. तिने घागर विहिरीपाशी टाकली, गावात जाऊन आपल्याशी काय घडले ते सांगितले, आणि चला, तुम्हीच पाहा, असे लोकांना बोलावले. गाव तिच्या मागे आले. तिच्याजवळ अनुभव होता आणि आमंत्रण होते.

एक दिवस शांत बसून आपली साक्ष कागदावर लिहा. ख्रिस्ताला ओळखण्याआधी, किंवा विश्वास नावापुरता होता तेव्हा, मनाची स्थिती काय होती? तो मला कसा भेटला? त्याने काय बदलले? या तीन प्रश्नांची उत्तरे तीन-चार मिनिटांत सांगता येतील इतकी आटोपशीर करा. मग ती घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा आणि न समजलेल्या जागा विचारा. तारण, पश्चात्ताप, अभिषेक, कृपा, नवा जन्म हे शब्द आपल्याला रोजचे आहेत, ऐकणाऱ्याला नाहीत. जिथे असा शब्द आला असेल तिथे काय घडले ते साध्या वाक्यात लिहा. ‘मला तारण मिळाले’ याऐवजी ‘देवाने मला क्षमा केली, तेव्हापासून मी केलेल्या चुकांचा धाक माझ्यावर राहिला नाही’ असे म्हटले तर शेजारच्या काकूंनाही कळते.

सोप्या भाषेचा हा ध्यास आपल्या पूर्वजांनीही घेतला. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी होत्या, तरी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले, आणि 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनने ते पूर्ण शास्त्र प्रसिद्ध केले. त्याही आधी, 1616 मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने येशूचे चरित्र ओवीत आणले, कारण इथल्या माणसाच्या कानाला ओवीची सवय होती. पुढे अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तन रुजले, टिळकांनी ते केले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही केले. ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या सुरात सांगणे ही आपल्याकडची जुनी परंपरा आहे.

साक्ष सजवू नका. आपल्या आयुष्यात नाट्यमय बदल घडला नसेल तर तो रचू नका. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या पुष्कळांना वाटते की, मी ना दारू प्यायलो, ना वाईट मार्गाला लागलो, मग सांगू काय? सांगण्यासारखे असते. आईच्या आजारपणात कशाने धीर दिला, भावाशी तुटलेले बोलणे कशामुळे पुन्हा सुरू झाले, लाच घ्यायची वेळ आली तेव्हा काय आठवले. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही ख्रिस्त आपला स्वतःचा तारणारा आहे हे उमजायला आणखी काही वर्षे लागली, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिले. त्या प्रामाणिकपणामुळेच ती साक्ष आजही मनाला भिडते.

संधी समोरच असतात

साक्ष द्यायला व्यासपीठ लागत नाही. नाताळात आपण शेजाऱ्यांकडे करंज्या, केक, फराळ पाठवतोच. तो मुलांच्या हाती पाठवून मोकळे होऊ नका. स्वतः जा, पाच मिनिटे बसा. ‘तुमच्यात नाताळला काय करतात?’ हा प्रश्न बहुतेक घरांत येतोच. त्यावर चर्चची रोषणाई आणि पार्टी एवढेच न सांगता गोठ्यात जन्मलेल्या बाळाविषयी दोन वाक्ये बोला: देव गरिबाच्या घरी आला, म्हणून आमच्यासाठी हा दिवस मोठा.

उत्तम शुक्रवारी कोणी आपुलकीने ‘हॅपी गुड फ्रायडे’ असा संदेश पाठवतो. त्याला खजील करू नका. त्याने आठवण ठेवली याबद्दल आभार माना आणि हा दिवस आमच्यासाठी शोकाचाही आहे व आशेचाही, का ते भेटल्यावर सांगेन, असे लिहा. भेटल्यावर मात्र खरोखर सांगा.

दुखण्याखुपण्यात, मयतीच्या घरी, नोकरी गेलेल्या मित्राकडे आपण जातो. तिथे जेवणाचा डबा, दवाखान्यातली रात्र, मुलांना शाळेत सोडणे, ही कामे आधी करा. या मदतीला कसलीही अट नको, छुपीसुद्धा नको. नंतर विचारा, ‘तुमच्यासाठी मी प्रार्थना केली तर चालेल का?’ हो म्हणाले तर तिथेच, त्यांच्या नावाने, अर्ध्या मिनिटाची प्रार्थना करा. नाही म्हणाले तर घरी जाऊन करा आणि डबा दुसऱ्या दिवशीही न्या.

मोबाईलवर रोज सकाळी सगळ्यांना तेच वचन पाठवण्याची सवय अनेकांना आहे. पाठवणाऱ्याला वाटते साक्ष झाली, घेणारा ते न उघडता पुसून टाकतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, एका माणसाला, त्याच्या नावाने संदेश लिहा: आज तुमच्या ऑपरेशनची तारीख आहे, सकाळी तुमची आठवण करून प्रार्थना केली. एवढ्या ओळीचे मोल शंभर फॉरवर्डपेक्षा जास्त आहे.

घरच्या माणसांशी धीराने

गालील सरोवरापलीकडचा भूतग्रस्त बरा झाल्यावर येशूबरोबर यायला निघाला. येशूने त्याला घरी परत पाठवले: आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केले ते सांग. घर हे सगळ्यांत अवघड क्षेत्र आहे, कारण घरच्यांना आपली वाणीही ठाऊक असते आणि करणीही.

नवरा विश्वासात आणि बायको नाही, मुलगी विश्वासात आणि आईवडील नाहीत, अशी घरे आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ जरूर वाचावीत. टिळक ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपला धर्म आणि आपले सोवळे लगेच सोडले नाही. ते त्यांच्या मनातून हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या विचाराने गळत गेले. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या निश्चयाने. म्हणूनच पुढे त्यांचा विश्वास इतका भक्कम उभा राहिला की टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केले.

घरात रोज उपदेश करू नका. सणावारी घरच्यांना एकटे पाडू नका. कोणत्या विधीत सहभागी होता येणार नाही ते आधीच, शांतपणे, मोठ्यांचा मान राखून सांगा. बाकीच्या कामांत चार हात पुढे राहा. तुमचा राग कमी झाला, बोलणे गोड झाले, पैशाचा व्यवहार स्वच्छ झाला, तर तो बदल घरच्यांच्या नजरेतून सुटत नाही. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनिके यांच्यात होता, असे पौल लिहितो. घरात विश्वास असा सहवासाने पोहोचतो, म्हणून त्याला वेळ द्या.

प्रश्न आले तर

‘सगळे देव एकच ना?’ हा प्रश्न बहुधा मैत्रीने विचारलेला असतो. तो वादाचे आव्हान समजू नका. समोरच्याच्या श्रद्धेविषयी एकही हलका शब्द न काढता सांगा: तुमची देवाची ओढ खरी आहे याचा मला आदर आहे. मी येशूवर विश्वास ठेवतो, कारण क्षमा मला त्याच्याकडे मिळाली, आणि माझ्यासाठी त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही. स्वतःचा विश्वास पातळ करण्याची गरज नाही आणि दुसऱ्याची मूर्ती, ग्रंथ किंवा संत यांची टिंगल करण्याचा अधिकारही आपल्याला नाही. ज्याने टिंगल केली त्याने दार स्वतःच्या हाताने बंद केले.

‘हा परकीयांचा धर्म नाही का?’ या प्रश्नाला रागाने उत्तर देऊ नका. येशू आशियात, बेथलेहेमात जन्मला. केरळातील प्राचीन ख्रिस्ती समाजाची परंपरा थेट प्रेषित थोमापर्यंत जाते. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ चारशे वर्षांहून जुने आहे. तरीही परकीय सत्तेच्या काळात धर्म आणि राज्य यांची सरमिसळ झाली, तिच्यामुळे लोक दुखावले गेले, हे मान्य करायला कचरू नका. टिळकांना ही खंत होती. म्हणूनच 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अनुयायी त्यात भाऊ म्हणून एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती.

‘देव आहे तर माझे मूल का गेले?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करू नका. येशू लाजाराच्या कबरेकडे जाताना रडला. अशा घरात रडणाऱ्याबरोबर रडणे हीच साक्ष आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही तिथे ‘मला माहीत नाही, मी पाळकसाहेबांना विचारून सांगतो’ म्हणा आणि विचारून सांगाच. अशा कबुलीने तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

मर्यादा काटेकोर पाळा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 25 ने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून तो वापरायचा आहे. 1977 मध्ये रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रसाराच्या हक्कात आपल्या धर्माची तत्त्वे इतरांपुढे मांडणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. अनेक राज्यांत याबाबत वेगळे कायदे आहेत. आपण राहतो तिथला कायदा प्रत्येक मंडळीने जाणकार वकिलाकडून समजून घ्यावा.

पण कायदा नसता तरी सुवार्तेने आपल्याला याच मर्यादा घातल्या असत्या. पैसा, नोकरी, शाळाप्रवेश, औषधपाणी यांचे आमिष दाखवून मिळवलेला होकार हा विश्वास नव्हे. हाताखालच्या कर्मचाऱ्याला, कर्जदाराला, घरकामाच्या मावशींना साहेबाच्या किंवा मालकिणीच्या खुर्चीतून धर्म सांगू नये, कारण त्यांना नाही म्हणण्याची मोकळीक नसते. दुसऱ्यांच्या लहान मुलांना आईवडिलांच्या नकळत काही शिकवू नये. आजाऱ्याला बरे होण्याची हमी देऊ नये, आणि औषध बंद करायला तर कधीच सांगू नये. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही आहे. कोणाची साक्ष, फोटो किंवा व्हिडिओ त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नये. आपल्या उत्साहापायी त्या माणसाच्या घरात वादळ उठू शकते.

कोणी रस दाखवला तर

कोणी म्हणाले, ‘मला वाचायला काही द्या,’ तर संपूर्ण पवित्र शास्त्र हाती देऊन मोकळे होऊ नका. उत्पत्तीपासून सुरुवात केलेला नवा वाचक लेवीय पुस्तकापाशी थांबतो. मार्कचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे, वेगवान आणि सोपे आहे. गोष्टी आवडणाऱ्याला लूक द्या. विचारी माणसाला मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय काढून द्या, ते अर्ध्या तासात वाचून होतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. ज्यांना जुनी भाषांतरे जड वाटतात त्यांना ते उपयोगी पडते.

आठवड्याने विचारा, काय वाचले, काय आवडले, काय खटकले. खटकलेले आधी ऐका. त्यांना उपासनेला यावेसे वाटले तर बरोबर घेऊन जा, शेजारी बसा, कधी उभे राहायचे, गीताचे पुस्तक कसे उघडायचे ते हळूच सांगा. प्रभुभोजनाच्या वेळी काय होते ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना अवघडायला होणार नाही. मंडळीतल्या दोन-तीन समंजस माणसांशी ओळख करून द्या. सगळ्यांनी एकदम घेराव घालू नये. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांनी अपुल्लोला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, ही रीत आजही उत्तम आहे. आणि बाप्तिस्म्याचा विषय त्यांनी काढेपर्यंत थांबा. काढला की घाई न करता पाळकांकडे न्या आणि घरच्यांचा, कायद्याचा, पुढच्या आयुष्याचा विचार त्यांना पुरता करू द्या.

कोणी मधेच थांबले तर मैत्री थांबवू नका. ख्रिस्ती होणार नाही हे कळताच आपण जाणे-येणे कमी केले, तर आपले सारे प्रेम हिशेबाचे होते हे सिद्ध होते. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला. मार्क लिहितो की येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिले होते. येशू त्याच्यामागे धावला नाही, आणि त्याच्यावर रागावलाही नाही.

या आठवड्यात करायचे ते

तीन माणसांची नावे लिहा: एक घरातले, एक शेजारचे, एक कामाच्या ठिकाणचे. रोज त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. देवाने त्यांना बदलावे एवढेच मागू नका. त्यांच्यावर प्रेम कसे करावे हे आपल्याला शिकवावे, असेही मागा. आपली साक्ष लिहून काढा. तिघांपैकी एकाला भेटा आणि त्याचे बोलणे मनापासून ऐका. संधी मिळाली तर आपल्या आशेचे कारण दोन-चार वाक्यांत सांगा, नाही मिळाली तर पुढच्या आठवड्याची वाट पाहा.

मंडळीनेही यात आपला वाटा उचलावा. महिला संघात, युवक संघात महिन्यातून एकदा साक्षीचा सराव घ्यावा. किती लोक आले याची मोजदाद करण्याऐवजी कोणी कोणाची सेवा केली, कोणासाठी प्रार्थना चालू आहे, याची विचारपूस करावी. जी मंडळी फक्त आकडे विचारते तिच्यातले लोक एक तर खोटे बोलतात किंवा बोलायचेच सोडतात.

प्रतिफळ देण्याचे काम प्रभूचे आहे आणि तो कोणाचे उधार ठेवत नाही. काहीजणांना ते इथेच दिसते: वर्षानुवर्षे प्रार्थना केलेला भाऊ एका रविवारी शेजारी येऊन बसतो. काहीजणांना, त्या रेल्वेतल्या प्रवाशाप्रमाणे, ते या जन्मी दिसत नाही. पण जो सांगतो त्याचा स्वतःचा विश्वास ताजा राहतो, त्याच्या प्रार्थनेला नावे आणि चेहरे मिळतात, आणि भोवतालच्या माणसांवर त्याचा जीव जडतो. म्हणून, प्रिय वाचकहो, भीती बाजूला ठेवा. देवाने तुमच्यासाठी जे केले आहे ते तुमच्याइतके चांगले दुसरे कोणीच सांगू शकणार नाही. ते आदराने सांगा, खरे तेवढेच सांगा, आणि याच आठवड्यात सांगा.